कात, तूप, गॉज आणि बटाट्याची साल

कावसजीचं कापलेलं नाक पुन्हा कसं बसवलं, ही गोष्ट प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडते. त्या नव्या नाकावर नंतर काय बांधलं होतं, तिकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

कावसजी इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायचा. मराठा, जातीनं शेतकरी, अशी त्याची नोंद आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून तिचं नाक केलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तांत एका पत्राच्या रूपात छापून आला, आणि त्यावरून इंग्लंडात जोसेफ कार्पनं १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली.

पत्र लिहिणारा माणूस चौकस होता. मेणाचा पातळ पत्रा करून कपाळावर माप कसं घेतलं, हे त्यानं लिहिलंच, पण पुढचंही सोडलं नाही. कातडी जागेवर बसवल्यावर कारागिरानं टाके घातले नाहीत. खैराचा कात पाण्यात कालवला, तो कापडाच्या पट्ट्यांवर माखला आणि अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चढवल्या. चार दिवस त्याला हात लावला नाही. चार दिवसांनी काताच्या पट्ट्या काढल्या आणि तिथे तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. दोन भुवयांच्या मध्ये रक्तपुरवठ्यासाठी जोडलेली ठेवलेली कातडीची पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला कापली.

माझ्या मते या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ नाकाची नाही, ती या कात-तुपाची आहे. कात तुरट. तो रक्त थांबवतो, सुकला की घट्ट बसतो आणि सांधा हलू देत नाही. पहिल्या चार दिवसांत जखमेला हेच हवं असतं. त्यानंतर कात तसाच राहू दिला, तर काढताना खालची कोवळी कातडी त्याच्याबरोबर निघून येईल, म्हणून मग तूप, जे चिकटत नाही आणि जखम कोरडी पडू देत नाही. त्या कारागिराचं नाव पत्रात नाही. पण चौथ्या दिवशीची जखम पहिल्या दिवशीच्या जखमेहून वेगळी असते आणि तिची पट्टीही वेगळी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दोनशे वर्षांत बऱ्याच मोठ्या इस्पितळांना याचा विसर पडला.

हे ज्ञान त्याच्याकडे कुठून आलं असेल, याचा धागा मागे सुश्रुतापर्यंत नेता येतो. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि पट्टी बांधायचे चौदा प्रकार. बोटाला वेगळी पट्टी, हनुवटीला वेगळी, सांध्याला वेगळी. मध आणि तूप एकत्र करून जखमेत भरायला सांगितलंय. साठ उपक्रमांत ‘पत्रदान’ नावाचा एक आहे, म्हणजे जखमेवर झाडाचं पान ठेवणं. पट्टी कधी सोडायची, हेसुद्धा ऋतूवर ठरतं: थंडीत तिसऱ्या दिवशी, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. आणि काही जखमा बांधूच नयेत असंही ठामपणे म्हटलंय. त्यात भाजलेल्या जखमा येतात आणि मधुमेह्याच्या पुळ्या येतात. भाजलेलं उघडं ठेवावं की झाकावं, हा वाद पुढे मुंबईत पुन्हा उभा राहणार आहे.

पट्टीचा कापूस जिथे पिकतो, त्या वऱ्हाडात आता येऊ.

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. आज तिथल्या शेतात सोयाबीन आणि तूर जास्त दिसते, पण हा सगळा मुलूख मुळात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो त्यांना हवा होता कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा आणि तिथला कापूस बाजार उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. वाशिम तेव्हा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो बराचसा अकोल्यात विरघळला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला.

ज्या १८६७ साली आगगाडी नागपुरात शिरली, त्याच साली ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये आपले लेख छापले. जखमा हवेनं कुजत नाहीत, जंतूंनी कुजतात आणि कार्बोलिक आम्लानं ते जंतू रोखता येतात, असं त्याचं म्हणणं. तोवर इस्पितळांत पट्टीसाठी जुन्या चिंध्या, लिननचे धागे, जे हाताला लागेल ते वापरत. लिस्टरला स्वच्छ, एकसारखं, औषध धरून ठेवणारं कापड हवं होतं. त्यानं साधी सुती मलमल घेतली, ती कार्बोलिक आम्ल, राळ आणि पॅराफिनमध्ये बुडवली आणि आठ पदरी करून जखमेवर घातली. आपण ज्याला गॉज म्हणतो त्याचा हा पूर्वज.

पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी म्हटलं असतं, की तुझ्या बोंडातला कापूस जखमेतलं रक्त-पू शोषून घेईल, तर तो हसला असता. बोंडातून नुकताच काढलेला कापूस पाण्यावर टाका, तो तरंगतो. त्याच्या तंतूवर मेणाचा थर असतो. हा थर सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढून टाकला आणि कापूस विरंजित केला, म्हणजे तो पाणी पितो. बर्मिंगहॅमच्या जोसेफ सॅम्प्सन गॅम्जीनं १८८० मध्ये असा शोषक कापूस दोन गॉजच्या मध्ये घालून त्याची जाड घडी केली. आजही शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स ‘गमजी’ मागतात, ती हीच. सर्जनचं नाव पार घासून गेलं, घडी टिकली.

या दोन शोधांनी गॉजचं राज्य सुरू झालं, आणि ते राज्य योग्यच होतं. पूर्वी साध्या जखमेनं माणसं मरत, ती वाचू लागली. गावोगावच्या दवाखान्यांत कंपाउंडर आणि ड्रेसर आले. टिंचर आयोडीन, लाल मर्क्युरोक्रोम, जांभळं जेन्शियन व्हायोलेट यांच्या बाटल्या आल्या. गावात त्याआधी काय चालायचं? विळा लागला की हळद भरायची, नाहीतर चिंधी जाळून तिची राख. बांधावर उगवणाऱ्या कंबरमोडीचा पाला चुरून त्याचा रस पिळायचा. माती-शेण लागलेल्या जखमेतून धनुर्वात व्हायचा आणि तो झाला की सुटका नसायची. गॉज-टिंचरपुढे हे सगळं मागासलेलं ठरलं, आणि त्या काळापुरतं ते ठरवणं चुकीचं नव्हतं.

गॉजमध्ये एक खोट मात्र पहिल्यापासून होती. गॉज वाळते. जखमेतला ओलावा पिते, वाळते आणि खालच्या नव्या कातडीला घट्ट धरून बसते. ड्रेसिंग बदलताना माणूस किंचाळतो तो या क्षणी. भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात हे रोज चालायचं. पहिल्या महायुद्धात ल्योंच्या ओगुस्त ल्युमिएरनं यावर तोडगा काढला: जाळीदार कापड पॅराफिनमध्ये बुडवायचं, म्हणजे ते चिकटणार नाही. हा तोच ल्युमिएर, ज्याच्या आणि भावाच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला होता. सिनेमाच्या इतिहासात त्याच्या नावाची पानं भरतात आणि भाजलेल्या माणसांनी त्याला आठवावं असं कुणी सांगत नाही. आजची व्हॅसलीन गॉज आणि सोफ्राटुल त्याच घराण्यातली. म्हणजे पुण्याच्या कारागिराचं तुपातलं कापड सव्वाशे वर्षांनी फ्रान्समार्गे परत आलं.

तरीही ‘जखम सुकली पाहिजे’ हे सूत्र कुणाच्या मनातून गेलं नव्हतं. खपली धरू दे, हवा लागू दे, पाणी लागू देऊ नको, पिकेल. आई सांगायची तेच डॉक्टर सांगायचे. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटरनं ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग छापला. डुकरांच्या पाठीवर त्यानं उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ कागद घातला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगानं भरल्या. कारण साधं निघालं. खपली म्हणजे वाळलेली भिंत. नव्या पेशींना तिच्याखालून, कोरड्या थराखालून वाट काढत पुढे सरकावं लागतं. ओलावा असला की त्या सरळ पृष्ठभागावरून सरकतात.

या प्रयोगानं पुढे एक मोठा धंदा उभा केला. पारदर्शक फिल्म, हायड्रोकोलॉइड, फोम, जेल. एकेका ड्रेसिंगचा खर्च असा, की परळच्या बालरुग्णालयात तो कुणी हिशेबात धरूच शकत नव्हतं.

परळचं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. तिथे डॉ. मनोहर केसवानी प्लास्टिक सर्जन होते. भाजलेल्या मुलांचं ड्रेसिंग बदलणं म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलंय त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. मूल दोन दिवस आधीपासून रडायला लागतं. केसवानींना न चिकटणारं, ओलावा धरणारं आणि जवळपास फुकट असं काहीतरी हवं होतं, आणि त्यांनी ते शोधलं मुंबईच्या खानावळींच्या कचऱ्यात: बटाट्याच्या साली.

बटाट्याच्या सालीच्या बाहेरच्या बाजूला बुचाचा थर असतो. तो पाणी बाहेर जाऊ देत नाही; म्हणूनच बटाटा महिनोन्‌महिने टिकतो. आतली बाजू मात्र ओलसर, मऊ. उकडलेल्या बटाट्यांच्या साली काढायच्या, त्या गॉजच्या पट्टीवर ओळीनं एकमेकींवर थोड्या चढवून लावायच्या, आतली बाजू जखमेकडे ठेवायची, पट्टीची गुंडाळी करायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायची. १९८५ मध्ये केसवानी आणि पाटील यांनी ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात याचा पहिला अहवाल छापला. १९९० मध्ये वर्तक, पाटील आणि डेव्हिस यांच्यासह केलेला दुसरा अभ्यास आला. त्यात साध्या गॉजखालची जखम आणि सालीखालची जखम यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. गॉजखाली भाजलेल्या त्वचेचा थर वाळून मेला होता. सालीखाली तो वाळला नव्हता, पेशी जिवंत होत्या आणि त्यांच्यातून नवी त्वचा उगवत होती.

सगळं विंटरचंच तत्त्व, डुकराऐवजी परळच्या मुलांवर आणि पॉलिथिनऐवजी बटाट्याच्या सालीनं. भाजलेलं बांधू नये, हा सुश्रुताचा आदेश इथे मोडला गेला. तो मुळात का दिला असावा, याचा अंदाज बांधता येतो: सुश्रुताच्या काळी बांधायला जे होतं ते वाळणारं कापड होतं, आणि भाजलेल्या कातडीवर वाळणारं कापड बांधण्यापेक्षा न बांधलेलं बरं.

मुंबईहून आग्नेयेला, सोलापुरात, त्याच वर्षांत दुसरं काम चाललं होतं. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मध हातात घेतला. पण त्यांनी मध घेतला, एवढीच गोष्ट असती तर ती वैद्यकाच्या इतिहासात एका ओळीची ठरली असती. सोलापूरचं वेगळेपण असं, की त्यांनी मधाला एकेक प्रतिस्पर्ध्यासमोर उभं केलं आणि प्रत्येक वेळी रुग्ण मोजले.

१९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त पहिला निकाल आला. १०४ रुग्ण, त्यातल्या ५२ जणांना मध, ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजलेल्या जखमांसाठी जगभर वापरलं जाणारं पांढरं मलम. मध लावलेल्या जखमांपैकी ९१ टक्के सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या जखमांपैकी ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या १० टक्के. १९९३ मध्ये मधात भिजवलेली गॉज आणि पॉलियुरेथेनची पारदर्शक महागडी फिल्म यांची तुलना झाली: ९२ रुग्ण, मधाला सरासरी १०.८ दिवस, फिल्मला १५.३. १९९४ मध्ये मध विरुद्ध गर्भवेष्टनाचा पडदा: ९.४ दिवस विरुद्ध १७.५. प्रसूतीनंतर मिळणारा हा पडदा भाजलेल्या जखमांवर घालायची पद्धत तेव्हा बऱ्याच इस्पितळांत होती. आणि १९९६ मध्ये सोलापूरच्या मधानं परळच्या बटाट्याला गाठलं. शंभर रुग्ण, पन्नास-पन्नास. मधाखालच्या जखमा सरासरी १०.४ दिवसांत भरल्या, सालीखालच्या १६.२ दिवसांत. साल जखमेला आडोसा देते, पण जंतूंशी लढत नाही, आणि सालीखालच्या जखमांत संसर्ग जास्त टिकून राहिला.

मध लढतो, याचं कारण त्याच्या घडणीत आहे. त्यात जवळपास ऐंशी टक्के साखर असते, त्यामुळे जंतूंमधलं पाणी ओढून घेतलं जातं. तो आंबट असतो. मधमाशीनं घातलेलं एक विकर ओलावा मिळाला की हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. थेंबाथेंबानं, जखमेतल्या पेशींना इजा होणार नाही इतकं थोडं.

या आकड्यांवर नंतर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. मधावरच्या अनेक चाचण्या एकाच शल्यचिकित्सकानं केल्या होत्या, आणि कुणाला काय लावलंय हे झाकून ठेवता येत नाही. मध दिसतो आणि वासही येतो. पहिल्या चाचणीतल्या मलमाची कामगिरी तर संशय यावा इतकी वाईट आहे. तरी २०१५ मधल्या कॉक्रेन समीक्षेनं जगभरच्या चाचण्या एकत्र तोलल्या तेव्हा वरवर भाजलेल्या जखमा मधानं नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस आधी भरतात, हे टिकलं. शस्त्रक्रियेनंतर पिकलेल्या जखमांनाही गॉज आणि अँटिसेप्टिकपेक्षा मधाचा उपयोग अधिक, असं तिनं म्हटलं. इतर बहुतेक जखमांबाबत तिनं हात आखडता घेतला.

पण सुब्रह्मण्यम यांच्याबद्दलचा माझा आदर या कुठल्याच विजयासाठी नाही. तो १९९९ च्या निबंधासाठी आहे. त्यात त्यांनी आपल्या मधासमोर शस्त्रक्रिया उभी केली: जळालेला थर लवकर, पातळ पातळ कापून काढायचा आणि लगेच त्वचारोपण करायचं. मध्यम भाजलेल्या रुग्णांत मध हरला. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी हे लिहून टाकलं, की लवकर केलेलं छेदन आणि त्वचारोपण हे मधापेक्षा सरस. वर्षानुवर्षं एक गोष्ट सिद्ध करत आलेल्या माणसानं स्वतः तिची हद्द आखून द्यावी, आणि ती शीर्षकात द्यावी, हे आपल्याकडे किती वेळा घडतं?

मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. माधुरी गोरे यांनी तोवर तिसरी वाट धरली होती. बटाट्याच्या साली चांगल्या, पण त्या गोळा करायच्या, निवडायच्या आणि एकेक करून पट्टीवर लावायच्या म्हणजे माणसं लागतात. केळीचं पान मोठं, गुळगुळीत, वरून मेणचट. एका पानात मोठी जखम झाकली जाते. २००३ मध्ये गोरे आणि त्यांचे सहकारी अकोलेकर यांचे दोन निबंध ‘बर्न्स’मध्ये आले. एकात वरवर भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची आणि बटाट्याच्या सालीची तुलना होती, दुसऱ्यात त्वचा काढून घेतलेल्या जागेवर पानाची आणि व्हॅसलीन गॉजची. पान चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही, असं दिसलं. जखम भरण्यात ते सालीच्या बरोबरीचं ठरलं, आणि खर्चात व तयारीत कितीतरी पुढे. सुश्रुताच्या साठ उपक्रमांतलं पत्रदान असं ऑटोक्लेव्हमधून वॉर्डात परत आलं. याच रुग्णालयात २४ एप्रिल २००० रोजी त्वचापेढी सुरू झाली होती, आणि तीही डॉ. गोरे यांच्याच पुढाकारानं. भाजलेल्या माणसाला शेवटी माणसाचीच कातडी हवी असते, पान नव्हे, हे पानावर संशोधन करणाऱ्या बाईंना पुरतं ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकात जखमेवरचा एक खटला वर्तमानपत्रांत गाजला, आणि त्यानं वरच्या सगळ्या कामापेक्षा जास्त मथळे मिळवले. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं: क्रमांक ५४०१५०४. पेटंट घेणारे दोघेही मूळचे भारतीय. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक झाले होते. त्यांनी हे पेटंट रद्द करून घ्यायचं ठरवलं. संस्थेनं जुनी पुस्तकं, निबंध असे बत्तीस पुरावे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयासमोर ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. वऱ्हाडातल्या आजीला जे माहीत होतं त्यावर परदेशी मक्ता बसणार नाही, हे ठरलं. शेजारच्या हिंगोली-वसमतच्या हळदबाजारातल्या शेतकऱ्यालाही बरं वाटलं असणार.

पण या लढाईत काय सिद्ध झालं, ते नीट बघायला हवं. हळद जखमेला लावायची कल्पना जुनी आहे, हे सिद्ध झालं. हळदीनं जखम लवकर भरते का, हा प्रश्न पेटंट कार्यालयासमोर नव्हताच. मधाला सोलापुरात आणि पानाला शीवमध्ये जी परीक्षा द्यावी लागली, ती हळदीला त्या खटल्यात द्यावी लागली नाही. आपण मात्र दोन्ही गोष्टी एकाच जल्लोषात मिसळल्या.

आता गावातल्या दवाखान्यातल्या रोजच्या प्रश्नाकडे येतो. भाजणं वेगळं. किन्हीराजासारख्या गावात दवाखान्यात रोज येतात ते विळ्याचे काप, कोयत्याचे घाव, मळणी यंत्रात चेमटलेलं बोट, पिकलेलं नखुरडं, फोडावं लागणारं गळू, पाठीवरची गाठ काढून घातलेले टाके. यांच्यावर काय बांधायचं?

टाके घालून कडा जुळवलेल्या जखमेबाबत उत्तर निराश करण्याइतकं साधं आहे. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत २९ चाचण्या आणि ५,७१८ माणसं होती. गॉज, फिल्म, हायड्रोकोलॉइड, चांदीचं ड्रेसिंग की काहीच नाही, यांपैकी कशानं संसर्ग कमी होतो असं ठामपणे म्हणता आलं नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की अशा जखमांवर महागडं ड्रेसिंग घालायचं कारण नाही, साधं पुरे. कडा जुळलेली जखम दोन दिवसांत वरून बंद होते. त्यानंतर पट्टी असली काय, नसली काय.

‘पाणी लागू देऊ नको’ हा सल्लाही तपासला गेला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात मॅके नावाचं, ऊसमळ्यांनी वेढलेलं दमट शहर आहे. तिथल्या साध्या दवाखान्यांत त्वचेवरच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ८५७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटानं ४८ तास जखम कोरडी ठेवली, दुसऱ्यानं त्या ४८ तासांतच पट्टी काढून नेहमीसारखी आंघोळ केली. संसर्ग कोरड्या गटात ८.९ टक्के, ओल्या गटात ८.४. २००६ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं गेलं.

फोडलेलं गळू मात्र उघडी जखम. तिच्यात गॉजची वात कोंबायची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती रोज ओढून काढताना रुग्ण बाकाला घट्ट धरून बसतो. २००९ मध्ये अमेरिकेत ४८ रुग्णांची एक लहानशी चाचणी झाली. वात घातलेल्यांचं दुखणं जास्त होतं, बरं होण्यात मात्र फरक दिसला नाही. चाचणी लहान आहे आणि मोठ्या, खोल गळवाला ती लागू करू नये. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेला तर मुळीच नाही. तिथे सुश्रुतही सावध होता आणि आजचा डॉक्टरही असतो.

आणि स्वयंपाकघरातला मध? सोलापूरच्या पहिल्या चाचणीत पोळ्यातला, प्रक्रिया न केलेला मध वापरला होता. आज इस्पितळांत जो वापरतात तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि उकळून ते घालवावेत तर मधातलं उपयोगी विकरही जातं. असं किरणांनी निर्जंतुकीकरण करणारा देशातला पहिला प्रकल्प, आयसोमेड, ट्रॉम्बेला १९७४ मध्ये सुरू झाला. कापूस, गॉज, टाक्यांचे दोरे तिथून जातात. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं न्यूझीलंडच्या ‘मनुका’ नावाच्या झुडपाच्या मधाच्या ड्रेसिंगला परवानगी दिली. ते आता नळीत मिळतं, आणि त्याची किंमत पाहिली तर सोलापूरच्या वॉर्डाची आठवण येते. केळीच्या पानाची आणि सालीची मात्र कुणी कंपनी काढली नाही. ज्यात पेटंट घेण्यासारखं काही नाही, त्याला दुकानात पोचवायला कुणी धडपडत नाही.

हाताचे किंवा पायाचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, चेहऱ्याचे पाच दिवसांत. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत दहा दिवस हात बांधून बसणं रोजानं जाणाऱ्या बाईला परवडत नाही. ती तिसऱ्या दिवशी पट्टी मळवून येते, ड्रेसर तिला रागावतो आणि नवी गॉज बांधून देतो. तिला मातीपासून, शेणापासून जपायला सांगणं, धनुर्वाताची सुई दिली आहे ना हे बघणं आणि मॅकेच्या त्या चाचणीच्या आधारानं स्वच्छ पाण्यानं हात धुवायला बंदी न घालणं, एवढं आज करता येतं.